साउंडहाउस टेप्स आता कपाटातून बाहेर काढा: आयर्न मेडनला खुलं पत्र

प्रति,
श्री. स्टीव्ह हॅरिस (बँडचे संस्थापक आणि बासवादक), श्री. रॉड स्मॉलवुड (बँडचे अनेक वर्षांचे व्यवस्थापक) आणि आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा ध्वनिसंग्रह ज्यांच्या ताब्यात आहे ती सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण आधी ते इथल्या मेडनवेड्यांनी वाचावं, त्यात भर घालावी, माझं कुठं चुकत असेल तर सांगावं असं मला वाटतं. इंग्रजी करून ते तुमच्यापर्यंत पोचवायचं काम मग आम्ही मिळून करू. मागणी एकच आहे. १९७५च्या नाताळात बँड उभा राहिला तेव्हापासून १९८०च्या एप्रिलमध्ये पहिला अल्बम येईपर्यंत तुमचं जे काही ध्वनिमुद्रण झालं आणि आज शिल्लक आहे, ते रीतसर प्रसिद्ध करा. सुरुवात ‘द साउंडहाउस टेप्स’ या तुमच्या पहिल्या रेकॉर्डपासून करा.

जे वाचक मेडनला ‘फिअर ऑफ द डार्क’पासून ओळखतात, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. ३० आणि ३१ डिसेंबर १९७८. करारमदार काही नसलेला, पूर्व लंडनच्या पबांमध्ये वाजवणारा एक बँड केंब्रिजच्या स्पेसवर्ड स्टुडिओत शिरला. बास हॅरिसची, गिटार डेव्ह मरेची, ड्रम डग सॅम्पसनचे, आणि गायला पॉल डी’आनो, ज्याला बँडमध्ये येऊन काही आठवडेच झाले होते. दुसरी गिटार पॉल केर्न्सनं वाजवली, रेकॉर्डच्या वेष्टनावर मात्र त्याचं नाव नाही. वर्ष संपता संपता त्यांनी चार गाणी मुद्रित केली: ‘आयर्न मेडन’, ‘इन्व्हेजन’, ‘प्राउलर’ आणि ‘स्ट्रेंज वर्ल्ड’. स्टुडिओचं भाडं देऊन झाल्यावर मूळ मल्टिट्रॅक टेप विकत घेण्याइतके पैसे कुणाच्याच खिशात उरले नव्हते. मिक्स केलेली प्रत घेऊन ते घरी आले. पैसे जमवायचे, परत जायचं आणि हवी ती दुरुस्ती करायची असा बेत होता. दोन आठवड्यांनी गेले तेव्हा टेप पुसलेली होती.

यात त्या स्टुडिओचा दोष काढायचा नाही. ती रुंद टेप महाग असायची, आणि मोबदला न आलेली रिळं पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. पण त्याचा परिणाम आज आपल्या पुढ्यात आहे. बास वेगळी, ड्रम वेगळे, आवाज वेगळा अशी ती गाणी आता जगात कुठंच नाहीत. घाईघाईत एकत्र केलेला दोन वाहिन्यांचा आवाज तेवढा उरला. डी’आनोचा आवाज, बास, ड्रम मूळ टेपेवर होते तसे स्वच्छ सुटे त्यातून मिळत नाहीत. जसा आहे तसाच तो ऐकायचा.

आणि तसाच तो थोर आहे. पहिल्या अल्बमवरचं ‘प्राउलर’ चार मिनिटांच्या आत संपतं. साउंडहाउसवरचं चार मिनिटांच्या पुढे जातं. वेग कमी आहे, म्हणून रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून) जड वाटतो. वा-वा पेडलवरची गिटार अल्बमवर धावत सुटते, इथं ती आधी चारी बाजूंना बघते आणि मग निघते. डी’आनोचा गळा अजून बिनपॉलिशचा आहे. स्टीव्ह, त्या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाबद्दल तुम्ही समाधानी नाही हे तुम्हीच अनेकदा बोलून दाखवलंय. मला विचाराल तर तुमच्या मनातला तो आवाज या केंब्रिजच्या टेपेत जास्त आहे.

पुढचं तुम्हाला पाठच आहे, पण इथल्या वाचकांसाठी सांगतो. टेपेची एक कॅसेट उत्तर लंडनमधल्या किंग्जबरीच्या बँडवॅगन साउंडहाउस या क्लबमध्ये नील के यांच्याकडे गेली. हा माणूस रेकॉर्ड लावणारा डीजे, पण लावायचा फक्त हेवी मेटल, आणि तिथं काय जास्त मागितलं जातं त्याची यादी ‘साउंड्स’ या साप्ताहिकात छापून यायची. ‘प्राउलर’ त्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बाजारात एकही रेकॉर्ड नसलेल्या बँडचं गाणं! लोक विचारू लागले, कुठं मिळेल? म्हणून ९ नोव्हेंबर १९७९ला तुम्ही स्वतःच्या ‘रॉक हार्ड’ या शिक्क्याखाली तीन गाण्यांची सात इंची रेकॉर्ड काढली. फक्त ५००० प्रती, त्याही टपालानं मागवायच्या. ‘स्ट्रेंज वर्ल्ड’ मनासारखं झालं नव्हतं म्हणून बाहेर ठेवलं. प्रती हातोहात संपल्या. मोठी दुकानं हजारोंनी मागत होती आणि तुम्ही आणखी छापायला नकार दिलात, कारण ही रेकॉर्ड सुरुवातीपासून सोबत असलेल्या लोकांसाठी होती. महिन्याभरात ईएमआयशी करार झाला.

तुमच्या त्या नकाराचा मला मनापासून आदर आहे. पैसे नाहीत म्हणून ज्यांची टेप पुसली गेली, त्यांनी वर्षाच्या आत दुकानांचे पैसे नाकारले. दिलेला शब्द पाळणारे लोक कमी असतात, तुम्ही पाळलात. म्हणूनच हे पत्र लिहायला मला इतकी वर्षं लागली. साउंडहाउस पुन्हा काढा म्हणणं म्हणजे तुम्हाला शब्द मोडा म्हणणं, असं मलाही वाटायचं.

आता तसं वाटत नाही, आणि का ते सांगतो. शब्द त्या ५००० तबकड्यांबद्दल होता. ती सात इंची रेकॉर्ड तशीच्या तशी पुन्हा छापू नका, कधीच छापू नका. ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे मानानं राहू दे. पण तिच्यावरचा आवाज ही वेगळी गोष्ट आहे. आणि तो आवाज तुम्ही एकदा मोकळा केलाही आहे. १९९६च्या ‘बेस्ट ऑफ द बीस्ट’च्या चार एलपींच्या आवृत्तीत चारही गाणी आली, बाजूला ठेवलेल्या ‘स्ट्रेंज वर्ल्ड’सकट. ती आवृत्ती कधीच मिळेनाशी झाली. आज नव्या पोराला साउंडहाउस स्वतःकडे हवी असेल तर त्याच्यापुढे वाटा दोन. एक म्हणजे संग्राहकांच्या बाजारात भरमसाट किंमत मोजायची. दुसरी म्हणजे बनावट प्रत घ्यायची, आणि या रेकॉर्डच्या बनावट प्रती इतक्या निघाल्यात की अस्सल कोणती हे ओळखणं हाच एक अभ्यास झालाय. १९७९च्या श्रोत्यांचा मान राखण्यासाठी घातलेली मर्यादा आज दलालांच्या आणि बनावट माल छापणाऱ्यांच्या कामी येतेय. पोस्टाची मनिऑर्डर पाठवून तुमची रेकॉर्ड मागवणाऱ्या त्या पोरांना हे आवडेल असं मला वाटत नाही.

माझ्याकडे साउंडहाउस आली ती कॅसेटवर, डोंबिवलीत, नव्वदच्या दशकात. मोठ्या भावाच्या मित्राचा मामा आखातात होता, त्यानं कुणाकडून तरी भरून आणली होती. त्यावरून मित्रानं भरली, त्याच्यावरून मी. म्हणजे माझी प्रत निदान चौथ्या पिढीची. कॅसेटची टेप चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं सरकते. प्रत्येक नकलेत खरखर वाढते, वरचे सूर झिजतात, आणि दोन यंत्रांचा वेग कधी तंतोतंत जुळत नसल्यानं सूरही सरकतो. माझं ‘इन्व्हेजन’ मूळ पट्टीपेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वरानं वर आहे. कित्येक वर्षं मी त्यावर गिटार जुळवायचो आणि पुस्तकातले कॉर्ड त्याला लागत कसे नाहीत म्हणून हैराण व्हायचो. टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा (टेप वाचणाऱ्या भागाशेजारचा) बारीक स्क्रू घड्याळजीच्या पेचकसानं किंचित फिरवला की झांजा परत उजळतात, हे मी त्या कॅसेटवर शिकलो. पावसाळ्यात टेपवर पांढरी बुरशी धरायची, म्हणून आई ती तांदळाच्या डब्यात ठेवायची. ती अजून वाजते.

दुसरी एक कॅसेट वाजत नाही, आणि खरं म्हणजे हे पत्र तिच्यामुळे आहे. कॉलेजात आमचाही बँड होता. चौघे. घाटकोपरच्या एका गाळ्यातल्या स्टुडिओत एका दुपारी आम्ही तीन गाणी मुद्रित केली, तेवढीच. मूळ टेप घ्यायला पैसे नव्हते (स्टीव्ह, हे वाचून तुम्हाला हसू येईल की वाईट वाटेल?), म्हणून एक कॅसेट भरून घेतली. नकला काढू म्हणत राहिलो. कॅसेट आमच्या ड्रमरच्या घरी, कल्याणला, तळमजल्यावर पलंगाखालच्या खोक्यात होती. २६ जुलै २००५च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं आणि दीड दिवस राहिलं. खोका सापडला तेव्हा टेपेच्या वळ्या गाळानं एकमेकींना चिकटल्या होत्या. आमचा गायक त्यानंतर तीन वर्षांनी गेला. त्याच्या आईनं एकदा विचारलं, त्याचा आवाज कुठं आहे का रे? तो कुठंही नाही.

तुमची बरोबरी करण्यासाठी हे सांगत नाही. आमची गाणी साधारण होती. पण आवाज नाहीसा होणं म्हणजे काय असतं ते आम्हाला कळलं, आणि म्हणून तुमच्या कपाटात, तुमच्या जुन्या श्रोत्यांच्या माळ्यांवर जे पडून आहे त्याची धास्ती वाटते. पॉल डी’आनो ऑक्टोबर २०२४मध्ये गेले. पहिल्या अल्बमवरचे ड्रमर क्लाइव्ह बर २०१३मध्ये. मेडनचे अगदी पहिले गायक पॉल डे २०२५मध्ये गेले, आणि त्यांचा मेडनमधला आवाज जगातल्या बहुतेक चाहत्यांनी एकदाही ऐकलेला नाही. कार्ट अँड हॉर्सेस, रस्किन आर्म्स या पूर्व लंडनच्या पबांत सत्तरच्या दशकात पुढच्या रांगेत उभा असलेला वीस वर्षांचा मुलगा आज सत्तरीला आलाय. त्यांतला कुणी कोटाच्या आत टेपरेकॉर्डर दडवून आला असेल, तर ती टेप कुठं आहे हे त्याला एकट्याला ठाऊक असणार. तो गेला की घर आवरणाऱ्या मुलांना ती बिनानावाची एक जुनी कॅसेट दिसेल.

म्हणून पहिलं काम प्रसिद्धीचं नसून गोळा करण्याचं आहे. तुम्ही एक हाक द्या. तुमच्या नावानं हाक गेली तर माळे उघडतील, आमच्यासारख्यांच्या हाकेनं उघडणार नाहीत. टेप मालकाची राहील, तुम्ही ती चांगल्या यंत्रावर नीट उतरवून परत कराल, एवढं जाहीर वचन पुरे आहे. चोरून मुद्रित केलं म्हणून कुणावर दावा लावला जाणार नाही, हेही स्पष्ट लिहा. ती भीती लोकांना असते.

खराब आवाज प्रसिद्ध कसा करायचा, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर तुमच्याच कामात आहे. २००४च्या ‘द अर्ली डेज’च्या डीव्हीडीवर तुम्ही रस्किन आर्म्समधला १९८०चा कार्यक्रम टाकलात. अंधारं, धुरकट, एका कॅमेऱ्याचं चित्रण. त्या डीव्हीडीत मी सर्वांत जास्त वेळा तेच पाहिलंय. बुटकं छत, घामानं चिंब पोरं, आणि हात लांबवला तर गिटारला लागेल एवढ्यावर उभे असलेले लोक. ते चित्र स्वच्छ नाही म्हणून कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. २००२च्या ‘एडीज आर्काइव्ह’च्या पत्र्याच्या पेटीत नोव्हेंबर १९७९चं बीबीसी रेडिओच्या ‘फ्रायडे रॉक शो’ या कार्यक्रमासाठीचं मुद्रण होतं. टोनी पार्सन्सची गिटार, सॅम्पसनचे ड्रम, चार गाणी. ती पेटीही आता साध्या श्रोत्याच्या आवाक्यात नाही.

हे सगळं एकत्र आणून काळाच्या क्रमानं लावा. साउंडहाउसची चार गाणी, बीबीसीचा कार्यक्रम, ‘मेटल फॉर मुथाज’ या अनेक बँडांच्या एकत्रित अल्बमवरची ‘सँक्च्युअरी’ आणि ‘रॅथचाइल्ड’ची पहिली रूपं, ‘रनिंग फ्री’च्या मागच्या बाजूचं ‘बर्निंग अँबिशन’, ज्यावर सॅम्पसनच आहे. ‘फ्लोटिंग’ नावाचं एक जुनं गाणं पुढे बदलत बदलत ‘पर्गेटरी’ झालं असं आम्ही वाचत आलोय. त्याची एखादी तालमीतली टेप असेल तर एका गाण्यातून दुसरं कसं निघतं ते कानांनी कळेल. १९७७मध्ये थोडा काळ टोनी मूर यांचा कीबोर्ड बँडमध्ये होता. कीबोर्ड घेतलेला मेडन! त्याचा अर्धा मिनिट जरी कुठं असेल तर मी त्यासाठी रात्रभर रांगेत उभा राहीन.

उतरवताना एकच विनंती: घासूनपुसून काढू नका. खरखर घालवण्याच्या नादात झांजा आणि श्वास दोन्ही जातात. वेग चुकला असेल तर दुरुस्त करा, हेडचा कोन जुळवा, आणि तिथं थांबा. हुकलेला सूर हुकलेलाच ठेवा. आणि कृपा करून चिरडलेल्या, सगळं सारखंच मोठ्यानं ऐकू येणाऱ्या आवाजात ते काढू नका.

आता श्रेयाबद्दल. याच वाटेवर एक खाच आहे आणि तुमच्या समकालीनांचा पाय तिथं अडकला. मेटॅलिका या अमेरिकी बँडनं ‘नो लाइफ टिल लेदर’ ही १९८२ची डेमो टेप २०१५मध्ये कॅसेटवर पुन्हा काढली. सात गाणी. त्या टेपेच्या नकला एका गावाहून दुसऱ्या गावाला टपालानं फिरल्या आणि त्यातूनच तो बँड मोठा झाला, तेव्हा कॅसेटवरच काढणं अगदी बरोबर होतं. त्याची मोठी आवृत्तीही यायची होती. पण गाणी कुणाच्या नावावर लागणार यावरून फिसकटलं, असं त्या टेपेवर गिटार वाजवलेल्या डेव्ह मस्टेन यांनी २०१७मध्ये जाहीरपणे सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या दुपारी कोणता रिफ कुणी वाजवला यावर ते थांबलं, आणि त्यात नुकसान श्रोत्यांचं झालं. तुमच्याकडे हे होऊ देऊ नका. डे, डेनिस विल्कॉक, टेरी रान्स, डेव्ह सुलिव्हन, रॉन मॅथ्यूज, बॉब सॉयर, टेरी वॅपरम, थंडरस्टिक, केर्न्स, सॅम्पसन: त्या चार वर्षांत बँडमधून गेलेल्या प्रत्येकाचं नाव छापा, त्यानं काय वाजवलं ते लिहा, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना आधी विचारा आणि पैसे द्या. वेष्टनावर राहून गेलेलं केर्न्सचं नाव पहिल्या पानावर येऊ द्या.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबून हे सांगणारे तुम्ही कोण? हक्क थोडासा आहे. १ फेब्रुवारी २००८ला, ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम तुम्ही आमच्याकडे केलात, वांद्रे-कुर्ला संकुलात. तुमचे गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत आले. मी डोंबिवलीहून लोकलनं कुर्ल्याला उतरून चालत गेलो. पहिल्या गाण्याआधी तुम्ही लावता ते चर्चिलचं भाषण सुरू झालं तेव्हा शेजारचा एक अनोळखी मुलगा ढसाढसा रडत होता, कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीनं आला होता. मग ‘एसेस हाय’ सुरू झालं. पुढच्या वर्षी ‘फ्लाइट ६६६’चा थेट अल्बम आला आणि पहिल्याच गाण्यापुढे मुंबईचं नाव आणि तारीख. ते तिथलंच मुद्रण. म्हणजे तुमच्या अधिकृत संग्रहात आमचा ओरडा जपून ठेवलेला आहे. मी हेडफोन लावून त्यात माझा आवाज शोधलाय, सापडत नाही, पण आहे. आमचा आवाज तुम्ही जपलात. रस्किन आर्म्समध्ये तुमच्यासाठी पहिल्यांदा ओरडलेल्या पन्नास-साठ जणांचाही जपा.

आमच्याकडे बालगंधर्वांचं गाणं आज ऐकायला मिळतं त्यात कंपन्यांपेक्षा घरोघरच्या संग्राहकांचा वाटा मोठा आहे. लाखेच्या तबकड्या त्यांनी गोधड्यांत गुंडाळून ठेवल्या, घर बदलताना आधी त्या उचलल्या. तसे लोक तुमच्याकडेही असणार, त्यांना फक्त कुणीतरी विचारायला हवं आहे. बँडला पन्नास वर्षं झाली. २०२५पासूनच्या दौऱ्यात तुम्ही पहिल्या नऊ अल्बमचीच गाणी वाजवायचं ठरवलंत. त्या नऊंच्या आधीचं जे आहे त्याच्यासाठी याहून चांगला काळ येणार नाही.

माझ्याकडची चौथ्या पिढीची कॅसेट तुमच्या काही कामाची नाही हे मला माहीत आहे. तरी तुम्ही हाक दिलीत तर मी ती पाठवीन, तांदळाच्या डब्यातून काढून, सोबत त्या स्क्रूची खूण किती फिरवायची ते लिहून.

तुमचा एक श्रोता,
डोंबिवली